‘तेंडुलकर आहे का?’ : वीस प्रश्नांच्या खेळामागचं गणित

शनिवारी रात्री साडेनऊला आमचा व्हिडिओ कॉल सुरू होतो. कॉलेजपासूनचे सहा जण. तिघं पुण्यात, एक मित्र नागपूरला, एक मैत्रीण दुबईत (तिच्याकडे तेव्हा आठ वाजलेले असतात) आणि एक टोरांटोत, त्याच्याकडे भर दिवस. गप्पा ओसरल्या की आम्ही खेळायला लागतो. एकानं मनात काहीतरी धरायचं : माणूस, प्राणी, वस्तू, गाव, काहीही. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. वीस प्रश्नांत ओळखलं तर बाकीचे जिंकले, नाही तर मनात धरणारा.

नागपूरचा मित्र दर वेळी पहिला प्रश्न एकच विचारतो : ‘तेंडुलकर आहे का?’ त्याचं म्हणणं, लागलं तर एका प्रश्नात डाव खलास. बाकीचे ओरडतात की एक प्रश्न वाया घालवलास. त्याचं काहीतरी चुकतंय हे सगळ्यांना जाणवतं, पण नेमकं काय चुकतंय हे सांगायला गेलं की शब्द सापडत नाहीत. मी ते शोधायला बसलो आणि फार लांबवर जाऊन पोचलो. तो सगळा प्रवास इथे मांडतो, कारण शाळेत ‘लॉगॅरिदम’ या शब्दानं घाबरवलेल्या माझ्यासारख्या माणसाला ते या खेळातून पहिल्यांदा नीट कळलं.

खेळ जुना आहे. अमेरिकेत १९४६ साली म्युच्युअल रेडिओवर ‘ट्वेंटी क्वेश्चन्स’ हा कार्यक्रम सुरू झाला. व्हॅन डिव्हेंटर नावाचं कुटुंब घरी खेळायचं तोच खेळ त्यांनी रेडिओवर आणला, आणि श्रोते विषय लिहून पाठवायला लागले. पुढच्याच वर्षी बीबीसीनंही तो सुरू केला. हंगेरीत याच खेळाला ‘बार कोख्बा’ म्हणतात. त्या नावामागची दंतकथा अंगावर काटा आणणारी आहे. रोमनांशी लढणाऱ्या बार कोख्बा या ज्यू सेनानीकडे त्याचा एक माणूस शत्रूच्या तावडीतून परत आला, पण त्याची जीभ आणि हात कापलेले होते. बोलता येईना, लिहिता येईना. मग सेनानीनं असे प्रश्न विचारले की ज्यांचं उत्तर नुसती मान हलवून देता येईल, आणि तेवढ्यावर सगळी बातमी काढून घेतली. हंगेरियन गणितज्ञ आल्फ्रेड रेनी यांना ही गोष्ट फार भावली होती. नुसत्या मान हलवण्यात किती माहिती मावते, हा त्यांच्या विषयाचाच गाभा होता.

छत्तीस जिल्हे, सहा प्रश्न

आधी छोटा पट घेऊ. मी महाराष्ट्रातल्या ३६ जिल्ह्यांपैकी एक मनात धरलाय. तुम्ही ओळखा.

पहिली रीत नागपूरच्या मित्राची : ‘पुणे का?’ नाही. ‘नाशिक का?’ नाही. ‘बीड का?’ नाही. नशीब चांगलं असेल तर लवकर लागेल, वाईट असेल तर ३५ प्रश्न जातील. सरासरी काढली तर १८ च्या थोडी वर येते.

दुसरी रीत पाहा. ‘विदर्भ किंवा मराठवाड्यातला आहे का?’ विदर्भाचे ११ आणि मराठवाड्याचे ८ मिळून १९ जिल्हे एका बाजूला, उरलेले १७ दुसऱ्या बाजूला. समजा मी म्हटलं ‘नाही’. एका फटक्यात १९ गेले. ‘कोकणातला का?’ नाही. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे ७ गेले, १० उरले. ‘पुणे विभागातला का?’ हो. आता ५ : पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर. ‘कर्नाटकाला लागून आहे का?’ हो. तीन उरले. ‘सोलापूर का?’ नाही. ‘सांगली का?’ हो.

सहा प्रश्न. आणि सहाव्याचं उत्तर ‘नाही’ आलं असतं तरी फरक पडला नसता, कारण मग कोल्हापूरच उरतं. जिल्हा कुठलाही धरा, नीट निम्मे-निम्मे करत गेलं की सहाच्या वर प्रश्न लागत नाहीत. कारण सरळ आहे : सहा वेळा दुप्पट केलं की १ चे ६४ होतात, आणि ३६ त्यात मावतात. पाच वेळा दुप्पट केलं तर ३२ च होतात, चार जिल्हे बाहेर राहतात. ‘किती वेळा दुप्पट केलं म्हणजे तिथवर पोचू’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच तो शाळेतला लॉगॅरिदम, दोन हा पाया धरून काढलेला. ३६ साठी ते ५.१७ येतं.

आता मूळ मुद्दा. ‘पुणे का?’ या प्रश्नाचं उत्तर विचारण्याआधीच आपल्याला जवळजवळ ठाऊक असतं. ३६ पैकी ३५ वेळा ते ‘नाही’ असणार. जे ठाऊकच आहे ते ऐकून शहाणपण किती वाढणार? उलट ‘विदर्भ-मराठवाडा का?’ या प्रश्नाला उत्तर काय येईल याचा काहीच अंदाज नसतो, म्हणून ते येताच आपण बरंच काही शिकतो. प्रश्न चांगला की वाईट हे उत्तर ‘हो’ आलं की ‘नाही’ यावर ठरत नाही. उत्तर येण्याआधी आपण किती अंधारात होतो, यावर ठरतं. आमच्या ग्रुपवर ‘हो’ आलं की टाळ्या आणि ‘नाही’ आलं की ‘अरेरे’ होतं. पण निम्मे-निम्मे करणाऱ्या प्रश्नाला ‘नाही’ हे ‘हो’ इतकंच मोलाचं असतं.

या मोलाला माप दिलं क्लॉड शॅनन यांनी, १९४८ साली, अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये. दोन्ही उत्तरांची शक्यता सारखी असेल तर एका ‘हो-नाही’तून मिळणारी माहिती म्हणजे एक बिट. ‘बिट’ हा शब्द जॉन टुकी यांनी सुचवलेला. त्या मापानं आमचा विभागाचा प्रश्न जवळजवळ पूर्ण एक बिट देतो, आणि ‘पुणे का?’ सरासरी फक्त ०.१८ बिट. लॉटरी लागली तर एकदम पाच बिट हातात, पण ती ३६ वेळांत एकदा लागते.

वीसच का?

एक वीस वेळा दुप्पट करा : १०,४८,५७६. म्हणजे प्रत्येक प्रश्न अगदी निम्मे-निम्मे करणारा असेल, तर साडेदहा लाख गोष्टींमधून नेमकी एक काढायला वीस प्रश्न पुरतात. मनात येऊ शकतील अशा गोष्टींची यादी करायला बसलं तर तेवढ्यात बहुतेकांची संपेल.

पण अचूक अर्धा भाग पाडणारा प्रश्न सुचायला वेळ लागतो. मग थोडे कच्चे प्रश्न विचारले तर किती नुकसान? हा हिशोब पाहून मी चकित झालो. प्रत्येक प्रश्न ७०-३० असा भाग पाडणारा असेल, तरी तो ०.८८ बिट देतो. वीस प्रश्नांत सुमारे २ लाख गोष्टींचा निकाल लागतो. म्हणजे फार बिघडलं नाही. पण ९०-१० असे प्रश्न विचारत राहिलात, तर वीस प्रश्नांची धाव साधारण साडेसहाशे गोष्टींपर्यंतच जाते. साडेदहा लाखांवरून साडेसहाशे! म्हणून प्रश्न अगदी घासूनपुसून अर्ध्यावर आणायची गरज नाही, फक्त ‘बहुतेक नाहीच म्हणेल’ अशा प्रश्नांपासून दूर राहायचं.

प्रश्नाची भाषा मात्र जपावी लागते. ‘मोठं आहे का?’ हा प्रश्न वाईट, कारण टोरांटोच्या मित्राचं मोठं आणि माझं मोठं वेगळं. ‘फ्रीजमध्ये मावेल का?’ हा चांगला. ‘जुनं आहे का?’ पेक्षा ‘शंभर वर्षांपूर्वी होतं का?’ चांगला. ‘प्रसिद्ध आहे का?’ पेक्षा ‘माझ्या आजीला माहीत असतं का?’ खूपच चांगला.

लहान मुलं हा खेळ कसा खेळतात, यावर मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली अभ्यास प्रसिद्ध केला होता. सहा वर्षांची मुलं बहुतेक वेळा थेट नाव घेतात : कुत्रा का? बस का? अकरा वर्षांपर्यंत ती ‘प्राणी आहे का?’ असे गट पाडणारे प्रश्न विचारायला लागतात. माझ्या भाचीबरोबर खेळताना मी हे पाहिलं आहे. एक दिवस ती अचानक ‘त्याला चाकं आहेत का?’ असं म्हणाली, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जगातल्या वस्तू एकेकट्या नसतात, त्यांचे कळप असतात, हे तिला त्या दिवशी उमगलं होतं.

आता जरा गंभीर. वीसच्या पुढे जाऊन ३३ वेळा दुप्पट केलं तर साधारण ८५९ कोटी होतात. जगाची लोकसंख्या यात मावते. म्हणजे पृथ्वीवरचा कुठलाही एक माणूस नेमका ओळखायला ३३ नीट निवडलेले हो-नाही पुरतात. आपल्या देशातला असेल तर ३१. ऑनलाइन ओळख झालेल्यांबरोबर ‘ओळखा मी कोण’ खेळताना हे ध्यानात ठेवावं असं मला मनापासून वाटतं. भारतात सुमारे १९ हजार पिनकोड आहेत. लोकसंख्या १४० कोटींच्या वर धरली तर एका पिनकोडमागे सरासरी सत्तर-पंच्याहत्तर हजार माणसं. त्यात जन्मतारीख (वर्षासकट) सांगितली आणि स्त्री की पुरुष हे सांगितलं, की सरासरी जेमतेम एक-दोन माणसं उरतात. नाव सांगितलेलंच नाही, फोन नंबर नाही, फोटो नाही. तरीही.

पाच नमुने एका नळीत

उत्तर जवळजवळ ठाऊक असलेला प्रश्न महाग पडतो, हे कळल्यावर त्यावरचा उपाय कोविडच्या काळात आपल्याकडेच दिसला. एप्रिल २०२० मध्ये तपासणीचे किट कमी होते. शंभरात दोघांनाच लागण असेल तर एकेकाची तपासणी म्हणजे नागपूरच्या मित्राचाच प्रश्न : ९८ टक्के वेळा ‘नाही’. म्हणून आयसीएमआरनं (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं) लागण कमी असलेल्या भागांत पाच जणांचे नमुने एकत्र करून तपासायला परवानगी दिली. ‘या पाचांपैकी कुणाला आहे का?’ असा एकच प्रश्न. ‘नाही’ आलं तर पाचही मोकळे. ‘हो’ आलं तरच प्रत्येकाची वेगळी तपासणी. लागण २ टक्के असेल तर या रीतीनं शंभर जणांना शंभरऐवजी सरासरी ३० तपासण्या पुरतात.

हीच युक्ती लागण ३० टक्के असलेल्या ठिकाणी वापरली तर? पाचांच्या बहुतेक प्रत्येक गटात कुणीतरी सापडणार, उत्तर जवळजवळ नेहमी ‘हो’ येणार, आणि वर सगळ्या तपासण्या पुन्हा कराव्या लागणार. हिशोब शंभराच्याही वर जातो. म्हणूनच ती परवानगी मुख्यतः २ टक्क्यांपेक्षा कमी लागणीला बांधलेली होती. या कल्पनेचा उगम १९४३ सालचा आहे. अमेरिकन सैन्यात भरती होणाऱ्यांच्या रक्ताची सिफिलिससाठी तपासणी करायची होती, तेव्हा रॉबर्ट डॉर्फमन यांनी ती मांडली.

मित्र बरोबर कधी असतो

इथवर आल्यावर मला नागपूरच्या मित्राबद्दल थोडं अपराधी वाटायला लागलं, कारण मी एक गोष्ट गृहीत धरून चाललो होतो : सगळ्या शक्यता सारख्याच असतात. पण माणसं तशी निवडत नाहीत. दुबईची मैत्रीण क्रिकेटवेडी आहे. तिची पाळी असली की दर दोन वेळांतून एकदा तरी ती तेंडुलकरच धरते. मग तिच्यासाठी ‘तेंडुलकर आहे का?’ हा एका माणसाविषयीचा प्रश्न नेमका ५०-५० होतो. शक्यतांची डोकी मोजायची नसतात, त्यांचं वजन करायचं असतं.

समजा तिच्या मनात चारच जण येऊ शकतात. तेंडुलकर निम्म्या वेळा, एक नट पाव वेळा, आणि एक लेखक व एक शास्त्रज्ञ प्रत्येकी आठव्या हिश्श्यानं. चारांचे दोन-दोन करत गेलो तर दर वेळी दोन प्रश्न लागतात. त्याऐवजी आधी ‘तेंडुलकर का?’, नाही तर ‘नट का?’, तरीही नाही तर ‘लेखक का?’ असं विचारलं तर कधी एक, कधी दोन, कधी तीन प्रश्न लागतात, पण सरासरी पावणेदोन. चार डावांमागे एक प्रश्न वाचला.

मोठ्या यादीसाठी सर्वांत कमी सरासरीचा क्रम कसा शोधायचा? हा प्रश्न १९५१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीतले प्राध्यापक रॉबर्ट फॅनो यांनी विद्यार्थ्यांपुढे ठेवला होता : परीक्षा द्या किंवा याच्यावर निबंध लिहा. खुद्द फॅनोंना आणि शॅननना त्याचं परिपूर्ण उत्तर मिळालेलं नव्हतं. तेही वरून सुरुवात करून, शक्य तितके समान भाग पाडत खाली यायचे, आणि त्यानं कधीकधी थोडी चूक राहते. डेव्हिड हफमन हा विद्यार्थी हात टेकण्याच्या बेतात असताना त्याला उलटं सुचलं : खालून सुरुवात करायची. सर्वांत कमी संभव असलेल्या दोघांची जोडी लावायची, त्यांच्यातला निवाडा हा शेवटचा प्रश्न. मग त्या जोडीला एकच समजून पुन्हा सर्वांत हलके दोघे शोधायचे. असं करत वर चढत गेलं की पहिला प्रश्न आपोआप मिळतो. १९५२ साली ते प्रसिद्ध झालं. आज आपण ग्रुपवर टाकतो त्या जेपेग फोटोंत आणि झिप फाइलमध्ये हीच रीत काम करते : वारंवार येणाऱ्या गोष्टीला कमी हो-नाही, क्वचित येणाऱ्या गोष्टीला जास्त.

सगळे प्रश्न एकदम

कॉलवर प्रश्न, उत्तर, पुन्हा प्रश्न असं चालतं. पण मधल्या दिवसांत आम्ही व्हॉट्सॲपवर खेळतो तेव्हा अडचण येते. मी सकाळी प्रश्न टाकतो, टोरांटोत रात्र असते, उत्तर संध्याकाळी येतं. वीस प्रश्न म्हणजे तीन आठवडे.

मग सगळे प्रश्न एकाच मेसेजमध्ये विचारता येतील का? येतात. ३६ जिल्ह्यांच्या सहा याद्या करा, प्रत्येकीत साधारण निम्मे जिल्हे, पण अशा रीतीनं वाटलेले की कुठल्याही दोन जिल्ह्यांची हजेरी सहाही याद्यांत तंतोतंत सारखी नसेल. ‘तुझा जिल्हा पहिल्या यादीत आहे का? दुसऱ्या?’ असं सहाही एकदम विचारा. सांगलीचं उत्तर समजा ‘नाही-हो-हो-नाही-हो-नाही’ असं येईल, आणि दुसऱ्या कुणाचंही तसं येणार नाही. आपला फोन अक्षरं अशीच ओळखतो. देवनागरीतला एक ‘क’ इंटरनेटवरून जाताना साधारणपणे २४ हो-नाहींची एक माळ असतो.

देवमासा

आमचा सर्वांत गाजलेला डाव एका चुकीमुळे फसला. पुण्यातल्या एकानं देवमासा धरला होता. तिसऱ्या प्रश्नाला कुणीतरी विचारलं, ‘मासा आहे का?’ तो म्हणाला, ‘हो.’ नावातच मासा आहे, त्याची काय चूक! पुढचे सतरा प्रश्न पापलेट, सुरमई, बांगडा, बोंबील यांच्यामागे गेले. देवमासा सस्तन प्राणी आहे, पिलांना दूध पाजतो, हे डाव संपल्यावर दुबईहून सांगण्यात आलं. एका चुकीच्या उत्तरानं आम्ही बरोबर असलेली अर्धी दुनिया फेकून दिली होती, आणि तिच्याकडे परतायला वाट ठेवली नव्हती.

निम्मे-निम्मे करण्याच्या रीतीचं हेच दुखणं आहे. ती काटकसरी आहे, म्हणून नाजूक आहे. प्रत्येक उत्तरावर तिचा पूर्ण भरवसा असतो.

उत्तर देणारा एकदा चुकू शकतो, किंवा मुद्दाम खोटं बोलू शकतो, असं आधीच मान्य केलं तर? हा प्रश्न रेनींनीही विचारला होता, आणि गणितज्ञ स्टॅनिस्लाव उलाम यांनी १९७६ साली आपल्या आत्मचरित्रात पुन्हा मांडला : एक ते दहा लाखांतला आकडा, जास्तीत जास्त एक खोटं उत्तर, किती प्रश्न लागतील? खोटं नसेल तर वीस, हे आपण पाहिलंच. भोळा उपाय म्हणजे प्रत्येक प्रश्न दोनदा विचारा आणि उत्तरं जुळली नाहीत तिथे तिसऱ्यांदा. खोटं एकदाच आहे, म्हणून एकूण ४१ पुरतात. वीसचे ४१? एका चुकीसाठी एवढा दंड?

नाही. खरं उत्तर आहे २५. का, हे कागद-पेन्सिल घेऊन पाच मिनिटांत पाहता येतं. समजा एकूण २५ प्रश्न विचारणार आहोत. एखाद्या आकड्यासाठी उत्तरांच्या माळा किती प्रकारच्या येऊ शकतात? सगळी खरी, ही एक. पहिलं खोटं, बाकी खरी, ही दुसरी. फक्त दुसरं खोटं, ही तिसरी. अशा एकूण २६. दहा लाख आकड्यांना प्रत्येकी २६ म्हणजे २ कोटी ६० लाख माळा, आणि कुठल्याही दोन आकड्यांची माळ सारखी असून चालणार नाही, नाही तर गोंधळ. २५ हो-नाहींच्या एकूण माळा होतात ३ कोटी ३५ लाखांवर. मावलं. २४ प्रश्नांत? हव्यात अडीच कोटी, आणि आहेत १ कोटी ६८ लाखांच्या आत. मावत नाही. म्हणजे २५ पेक्षा कमीत ते शक्यच नाही. आणि जागा आहे एवढ्यानं भागत नाही, तसे प्रश्न प्रत्यक्षात विचारताही यायला हवेत. दहा लाखांसाठी ते जमतं याची पक्की सिद्धता आंद्रे पेल्क यांनी १९८७ साली दिली. आमच्या ३६ जिल्ह्यांना हाच हिशोब लावला तर सहाऐवजी नऊ प्रश्न पडतात.

मला यातलं सर्वांत सुंदर उदाहरण रिचर्ड हॅमिंग यांचं वाटतं. तेही बेल लॅब्सचे, साल १९५०. १६ गोष्टींमधून एक ओळखायची, सात प्रश्न, सगळे एकदम विचारायचे, आणि त्यांत एक उत्तर चुकीचं चालेल. प्रत्येक गोष्टीच्या आठ माळा (सगळं बरोबर ही एक, आणि सातांपैकी एक चूक अशा सात), सोळा गुणिले आठ म्हणजे १२८. सात हो-नाहींच्या एकूण माळा किती? बरोबर १२८. एकही जागा रिकामी नाही, एकही कमी नाही. यंत्रांनी पाठवलेल्या माहितीतली चूक यंत्रानंच शोधून दुरुस्त करण्याचं शास्त्र अशा कल्पनांवर उभं राहिलं. दुकानातला थोडासा फाटलेला क्यूआर कोड तरीही स्कॅन होतो, ते याच शास्त्राच्या पुढच्या पिढीमुळे.

आमच्यासारख्यांना यातून एक साधी सवय लावून घेता येते. शंका आली की तोच प्रश्न पुन्हा विचारू नये. देवमासा धरलेल्या मित्राला ‘मासा आहे का?’ असं दहा वेळा विचारलं असतं तरी तो दहा वेळा ‘हो’च म्हणाला असता, कारण तो खोटं बोलत नव्हता. चूक त्याच्या समजुतीत होती. अशा वेळी वेगळ्या बाजूनं जावं : ‘पिलांना दूध पाजतो का?’, ‘श्वास घ्यायला वर येतो का?’ ओळखण्याचा खेळ खेळणारी ‘२०क्यू’ किंवा ‘अकिनेटर’सारखी यंत्रं आपल्या चुकीच्या उत्तरांना बऱ्यापैकी सांभाळून घेतात, त्यामागेही हाच सावधपणा आहे. एका ‘नाही’वर एखादी गोष्ट कायमची खोडून टाकायची नाही, तिचं पारडं फक्त थोडं हलकं करायचं. पुढच्या चार उत्तरांनी ते पुन्हा जड होऊ शकतं.

कुणीच काही धरलेलं नसेल तर

शेवटी या खेळाचा एक प्रकार सांगतो, जो आम्ही हल्लीच खेळायला लागलो. ‘ब्लॅक होल’ हा शब्द लोकांच्या तोंडी रुळवणारे भौतिकशास्त्रज्ञ जॉन व्हीलर आपला अनुभव सांगायचे. जेवणानंतर मित्रमंडळी हा खेळ खेळत होती. व्हीलरांची पाळी आली, त्यांना खोलीबाहेर पाठवलं, आणि बराच वेळ आत बोलावलंच नाही. आत आले तर सगळ्यांच्या चेहऱ्यावर हसू. ते प्रश्न विचारू लागले. सुरुवातीला उत्तरं पटापट आली, पण पुढे पुढे प्रत्येक जण उत्तर द्यायला जास्तच वेळ घेऊ लागला. नुसतं हो की नाही सांगायचं, तर एवढा विचार कसला? अखेर व्हीलर म्हणाले, ‘ढग आहे का?’ समोरचा बराच वेळ विचारात पडला, मग म्हणाला, ‘हो’, आणि सगळे खो खो हसले.

कुणीच कुठला शब्द ठरवलेला नव्हता. प्रत्येकानं मनाला येईल ते उत्तर द्यायचं, अट एकच : आधीच्या सगळ्या उत्तरांशी जुळणारी एक तरी वस्तू उत्तर देणाऱ्याच्या मनात हवी. प्रश्न वाढले तसे शिल्लक शब्द निम्मे-निम्मे होत गेले, म्हणून उत्तर देणाऱ्यांची दमछाक वाढत गेली. व्हीलरांनी वेगळे प्रश्न विचारले असते तर वेगळा शब्द निघाला असता. अतिसूक्ष्म कणांच्या जगात आपण काय मोजायला जातो यावर काय सापडतं ते अवलंबून असतं, हे समजावताना ते हा किस्सा सांगायचे.

गेल्या शनिवारी बाकीच्यांनी हा डाव माझ्यावर टाकला. मला कॉलमधून पाच मिनिटं बाहेर जायला लावलं. परत आलो आणि विचारायला लागलो. सजीव? नाही. घरात असतं? हो. स्वयंपाकघरात? हो. वीज लागते? नाही. दगडाचं असतं? इथे टोरांटोचा मित्र इतका वेळ गप्प बसला की मला वाटलं त्याचं नेट गेलं. मग म्हणाला, हो. आजीच्या घरी होतं? हो. अकराव्या प्रश्नाला मी म्हटलं, ‘जातं आहे का?’ दुबईची मैत्रीण डोळे मिटून बसली, आणि मग म्हणाली, ‘हो.’

डाव उघड झाल्यावर मी एकेकाला विचारलं, तुझ्या मनात काय होतं. एकाच्या मनात पाटा-वरवंटा होता, एकाच्या उखळ, एकीच्या खलबत्ता. जातं कुणाच्याच मनात नव्हतं, माझ्याही नव्हतं, मी विचारेपर्यंत. नागपूरचा मित्र म्हणाला, ‘अरे, पहिल्या प्रश्नाला कुणीतरी “नाही” म्हणालं ना, तोवर माझ्या मनात तेंडुलकरच होता.’